बारके

फॉर्म घेऊन आलेल्या मुलीनं विचारलं,
बटाटा कशाकशानं कमी येतो?
तिचे बूट नवे होते, चिखलानं तिला दोनदा खाली बसवलं होतं,
म्हणून मी आधी चहा टाकला.

लिही, म्हटलं. थंडी.
किनांगोपच्या पठारावर जानेवारीत
आभाळ फार निर्मळ झालं की आम्ही घाबरतो.
चांदण्या जितक्या जवळ,
सकाळी पाला तितका काळा,
उकळत्या पाण्यातून काढल्यासारखा.
धुकं असलं तर हिमापासून वाचतो, पण करपा येतो.
आभाळ उघडलं तरी मरण, झाकलं तरी.
तिनं दोन्ही चौकटींत खूण केली.

पाऊस? येतो. विचारून येत नाही.
खत? गिचुरूच्या दुकानातलं,
पोत्यात काय होतं ते त्याचं त्याला ठाऊक.
माती?
आजी इथे पायरेथ्रमची फुलं खुडायची, तेव्हापासून
ही दोन एकर जमीन नुसती बसलेली कुणी पाहिली नाही.
बाळंतीण तिसऱ्या दिवशी चुलीपुढे यावी
तसं एक पीक निघालं की दुसरं.

व्यापारी पण लिही.
कायद्याचं पोतं पन्नास किलोचं.
त्याच्या पोत्याला वर जाळीचं डोकं शिवलेलं असतं,
पगडी घातल्यासारखं,
आणि पगडीतल्या बटाट्यांचे पैसे कुणी देत नाही.
ती म्हणाली, हे उत्पादनात धरत नाहीत.
बरं, म्हटलं. पगडी खोड.

बियाणं कुठून आणता?

आणता?
ठोकळ असतात ते ट्रकमध्ये जातात.
मधले घरात, मुकिमोच्या पातेल्यात.
जे कुणालाच नको, सुपारीपेक्षा थोडे मोठे,
ते कोपऱ्यात पोत्याखाली.
शांगीला दम नसतो, महिन्याभरात कोंब काढून बसते.
तेच लावतो. आई तेच लावायची.

ती उठली, वाफ्यातलं एक मान टाकलेलं झाड उपटलं,
खोड कापून
पाण्याच्या ग्लासात उभं धरलं.
चहा निवत होता.
मग खोडातून दुधाचा एक धागा
सावकाश खाली उतरला.

आजारी झाडाला बारकेच लागतात, ती म्हणाली.
बारके ठेवता, म्हणजे दरवर्षी
आजारच निवडून ठेवता.

मी ग्लासाकडे बघत राहिले.
या घरातून ट्रकमध्ये काय काय गेलं, ते आठवत होते.
थोरला न्देग्वा, नैरोबीला.
गिथिंजी, त्याच्याहून हुशार, मोम्बासाच्या बंदरावर.
माझ्या फीची वेळ आली ते वर्ष करप्याचं.
बाबा म्हणाले, गाथोनी लहानखुरी आहे,
राहू दे, घराला कुणीतरी लागतं.
वाईट कुणीच नव्हतं.
विकण्याजोगं विकलं. उरलं ते मातीला.

हे कुठल्या चौकटीत, मी विचारलं नाही.

जाताना ती सांगून गेली:
फुलावर असताना बघा, निरोगी झाडांना खूण बांधा,
काढणीला ती वेगळी काढा.
मी शाळेचा स्वेटर उसवला.
मरून रंगाचा, दोनच इयत्ता वापरलेला.
एकसष्ट झाडं भरली.
शेजारची वांजेरी कुंपणावरून म्हणाली,
बटाट्यांना थंडी वाजते का गं?

काढणीला ट्रक आला.
व्यापाऱ्यानं घरात डोकावून पाहिलं,
हे एवढे मोठे कोपऱ्यात कशाला?
म्हटलं, ते विकायचे नाहीत.
त्याला वाटलं मी भाव वाढवते आहे.
त्यानं वाढवलाही.

या वर्षी पाऊस लांबलाय. अजून काही सांगता येत नाही.
रात्री दिवा धरून पोतं उचलून बघते.
कोंब आखूड आहेत, जाड,
जांभळ्या टोकाचे.