सहा ते साडेसहा

मगदूमांच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवतात.
सहा वाजले की चेलना पेन टाकून उठते,
सन्मती आधीच दाराशी पोचलेला असतो,
आणि मी अपूर्णांकांपाशी एकटी उरते.

'मिस, बसा हं, आलीच पोरं,' वहिनी म्हणतात.
रोज म्हणतात. चार वर्षं झाली.
आतून भाकरी थापल्याचा आवाज,
खालच्या गोदामातून हळदीचा वास.
माझ्या ओढणीलाही येतो तो आता. हरकत नाही,
सांगलीत कुणाच्या येत नाही?

या अर्ध्या तासात मी ती कादंबरी वाचते.
वाचनालयातून आणलेली, इंग्रजी, जुनी.
कार्डावर माझ्याआधी एकच तारीख, एकाहत्तर सालची.
महापुरात ती खालच्या फळीवर होती;
प्रत्येक पानाच्या तळाशी कृष्णेची तपकिरी रेघ आहे.
शेवटच्या तीन ओळी वाचायच्या तर
घोट्याइतक्या पाण्यात उतरावं लागतं.

विशेष काही घडत नाही तिच्यात.
माडीवर कुणी किंचाळत नाही, घर पेटत नाही.
एक मुलगी पेटी भरते, परक्या घरी पोरं शिकवायला जाते.
पोरं ऐकत नाहीत. थंडी असते.
मालकांच्या टेबलाशी तिची खुर्ची नसते,
स्वयंपाकघरात डोकावली तर तिथली माणसं
बोलता बोलता गप्प होतात.
जिन्याच्या मधल्या पायरीवरचं पुस्तक आहे हे.

तिला मराठीत काय म्हणायचं
ते मला अजून सुचलेलं नाही.
शब्दकोशात आहे: घरी राहून मुलांस शिकविणारी स्त्री.
म्हणजे अख्खी ओळ. शब्द नाहीच.
मास्तरीण म्हणावं तर तिला शाळा नाही,
दाई म्हणावं तर तिला फ्रेंच येतं.
मलाही या घरात वहिनी मिस म्हणतात,
मालक 'त्या ट्यूशनवाल्या',
शेवंताक्का नुसतं 'अवो'.
त्या 'अवो'त मला सगळ्यात मोकळं वाटतं.

पण शेवंताक्कासुद्धा चहाच्या वेळी अडते.
कपबशी पाहुण्यांची, पेला तिचा स्वतःचा.
माझ्यासाठी तिनं तिसरंच काढलंय:
फुटका नाही हो, चांगला कप,
बिनबशीचा.

पान एकशे बारावर ती आईला पत्र लिहिते
आणि लिहिते, मी इथे मजेत आहे.
त्या ओळीखाली कुणीतरी पेन्सिल ओढली आहे,
इतकी दाबून, की मागच्या पानावरही उमटली.
कोण होतीस गं तू?
कुणाच्या दिवाणखान्यात मजेत होतीस?

मार्चचे राहिले होते, एप्रिलचे अर्धे.
पुस्तकातही मालकीणबाई पैशाचं विसरतात.
ती काय म्हणते म्हणून मी दोनदा वाचलं.
काहीच म्हणत नाही.
खिडकीशी जाते, आणि पुढचं प्रकरण सुरू.

मी पुस्तक मिटलं.
जेवणघराच्या दारात गेले. अनवाणी होते, तरी आवाज झाला.
म्हटलं, 'वहिनी, मार्चचे राहिलेत.'
श्रुतलेखन घालताना निघतो तसा आवाज निघाला,
सुटा सुटा.
चौघांचे घास थांबले.
भिंतीवर ऊन होतं अजून, बोटभर.
चेलना माझ्या पायांकडे बघत राहिली,
मला पाय आहेत हे तिला आत्ताच कळल्यासारखी.

नोटा मिळाल्या. मोजून. कडांना पिवळ्या.
घरी पोचेपर्यंत पुस्तकातच ठेवल्या.
अंगठ्याचा डाग पडला एका पानावर, तो काही निघायचा नाही.

शेवटची सोळा पानं पुरात चिकटलीत.
किटलीच्या वाफेवर धरून सोडवणार होते.
मग राहू दिलं.
लग्न होत असेल. बहुतेक होतंच.

शनिवारी परत द्यायला गेले.
कुंभोजकरांनी शिक्का शोधला, शाई वाळलेली,
थुंकी लावून उठवला कसाबसा,
आणि चष्म्यावरून विचारलं, 'कशी आहे?'

कादंबरीचंच विचारत असणार.

'बरी आहे,' म्हटलं.
'माणसांत जरा बुजते.
पण पैसे मिळाले तिला.'