सव्वा ग्रॅम

बाटलीवर कवटी छापलेली, म्हणून ती वरच्या फळीला.
किल्ली माझ्याकडे.
फिनाइलथायोयुरिया. एकोणीस वर्षं झाली,
अजून एका दमात म्हणता येत नाही;
रजिस्टरला मी ‘कडू पावडर’ लिहितो.

दर डिसेंबरात सव्वा ग्रॅम, लिटरभर पाणी.
गार पाण्याला ती ओळखच देत नाही,
उकळी फुटली की मग कुठे मुरते.
त्यात गाळणकागद बुडवायचे,
खिडकीच्या गजांना दोरी बांधून वाळत घालायचे,
गंगापूर रोडची धूळ बसू नये म्हणून पडदा ओढून.
मग कात्री.
सत्तर पोरांच्या सत्तर पट्ट्या, वर थोड्या जास्तीच्या.
एवढ्याशाने काही होत नाही,
बाटलीतली मात्र चिमूटभर उंदराला पुरते.

गोसावी मॅडम फळ्यावर षटकोन काढतात,
त्याला शेपूट: नायट्रोजन, कार्बन, पुन्हा नायट्रोजन,
आणि कार्बनच्या डोक्यावर गंधक.
“त्या जागी ऑक्सिजन असता,
तर आजचा हा खेळच झाला नसता.”
मागून तेजल बोरस्ते:
“मॅडम, मोहाडीला आम्ही घड ज्यात बुडवतो, मणी फुगायला,
त्या औषधाचं नावही अर्धं असंच आहे.”
“चुलत बहीण ती. तिच्याकडे ऑक्सिजन आहे.”

मग एकदम सत्तर जिभा बाहेर.
पन्नासेक तोंडं वाकडी,
कुणी बेसिनकडे पळालं, कुणी रुमालात थुंकलं,
आणि उरलेले वीस
एकमेकांकडे बघत: ह्यांना झालं काय?
मी त्या विसांतला.
माझ्या जिभेला कागद म्हणजे कागद.

मॅडम सांगत होत्या, पुण्यात त्यांची मैत्रीण
माशांची अंडी ह्याच पाण्यात वाढवते.
अंगावर काळा रंग धरतच नाही,
पिल्लाचं काळीज बाहेरून धडधडताना दिसतं.
पोरं ऐकत होती. मी बीकर धूत होतो.

जास्तीच्या पट्ट्या तेजलने घरी नेल्या.
दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायच्या आधीच उभी:
“मला कडू लागली. आईला नाही. पप्पांना पण नाही.”
फळ्यावर आदल्या दिवशीची चौकट तशीच होती,
मोठा टी, लहान टी,
आणि न लागणाऱ्या दोघांच्या पोटी लागणारं पोर
कुठल्याच घरात बसत नव्हतं.
कुणीतरी मागे हसलं.
मॅडम म्हणाल्या, “चौकट पुस्तकातली आहे गं,
जीभ एवढी सरळ नसते, अपवाद असतात,”
खरंच होतं ते, पण फार हळू म्हणाल्या.
तेजल फळ्याकडेच बघत होती.

तेव्हा मी, ज्याला वर्गात बोलायची सवय नाही,
हातातला ट्रे खाली ठेवून म्हणालो,
“मॅडम, चूक माझी. शेवटच्या कागदांना पाणी पुरलं नाही.
त्या पट्ट्या कोऱ्याच गेल्या.”

“काय हो पगारे काका!” वर्ग हसला.
तीही हसली, जरा उशिराने,
आणि खाली बसली.

संध्याकाळी खण उघडला.
त्याच गठ्ठ्यातल्या चार उरल्या होत्या.
एक जिभेवर ठेवली. कागद.
दुसरी. कागद.
पाणी पुरलं होतं की नव्हतं,
आता आठवायला गेलो तर दोन्ही आठवतं.
आणि जिला विचारावं ती जीभ माझी नाही.

घरी शालन आहे. तिला मुळा कडू लागतो, कोबीसुद्धा.
तिच्या हातावर एक पट्टी ठेवली असती
तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं.
पट्टी सदऱ्याच्या खिशात घालून अशोक स्तंभापर्यंत आलो,
चहा घेतला, खिशाला हात लावला,
आणि गोळा करून टपरीच्या डब्यात टाकली.

रात्री कोबीच होता.
माझ्यासाठी केलेला.
ती लोणच्याशी जेवली.