रकाने

बारापात्रे सरांच्या दोनशे चौदा कॅसेट
आता तळहाताएवढ्या एका डिस्कमध्ये आहेत,
आणि तौसिफ म्हणतो, मॅडम, आज तरी ठरवा.
तीन सॉफ्टवेअर, तिन्ही वापरून पाहायला दिलेली.
एकाची मुदत आज रात्री बाराला संपते.

टांडापेठेतल्या वाचनालयाचा वरचा मजला, मे महिना.
कूलर सुरू केला तर फितीतली माणसं ऐकू येत नाहीत,
बंद केला तर आम्ही राहत नाही.

पहिलं देखणं. पण त्याला तारीख हवी,
दिवस, महिना, साल. नाहीतर पुढे जाऊ देत नाही.
भागीरथाबाई हेडाऊ सांगतात,
"लगन? ज्या साली रेशमाचा भाव पडला न बाप्पा,
त्याच्या मांगच्या साली."
मी एक एक एकोणीसशे एक टाकून पाहिलं.
हिरवी बरोबरची खूण आली.
बाईंचं लग्न जन्माच्या आधी लागलं.

दुसऱ्याचे पैसे दरवर्षी, डॉलरात.
समितीचे निमजे काका चष्मा कपाळावर सारून विचारतात,
एखाद्या वर्षी नाही भरले तर?
तौसिफ गप्प.
त्याच्या भाषांच्या यादीत आइसलँडची भाषा आहे,
कोष्ट्यांची बोली नाही.
'इतर'मध्ये टाकून देऊ, तौसिफ म्हणतो,
आणि स्वतःच माउसवरचा हात काढून घेतो.

तिसरं फुकट, रूपानं यथातथा.
'धोटा' शोधला की धोटे आडनावाची माणसं आणून उभी करतं.
पण त्यात 'अंदाजे' असा एक रकाना आहे.
एका फितीत दोघं बोललेले चालतात,
तिसरा मधेच खोकला तरी चालतो.

न बोलण्याला रकाना तिघांतही नाही.
सत्त्याऐंशीव्या फितीत एक्केचाळीस सेकंद
धनाजी पराते गप्प आहेत.
सरांनी विचारलंय, माग कधी विकला.
बाहेर कुणीतरी फरशीवरून बादली ओढतंय.
मग ते उत्तर देतात, दुसऱ्याच प्रश्नाचं :
"माग घ्याचा तं आमचा बाप
पयले एकच गोष्ट पाहे.
उकलून दारातून भायेर निघते का.
घरात तं कोनताई मावते."

तौसिफनं फीत थांबवली नाही, मागेही घेतली नाही.
तिघांत भरलेल्या वीस-वीस नोंदी
त्यानं परत मागितल्या.
पहिल्यानं सतरा दिल्या.
दुसऱ्यानं पासवर्ड विचारला, मग पैसे.
तिसऱ्यानं वीसच्या वीस, साध्या मजकुरात,
काना-मात्रेसकट.

निमजे काकांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, सही केली,
आणि जाता जाता विचारलं,
ह्यात माझा आवाज आहे का हो कुठे?

आहे. एकशे नऊ. मागे, चहा किती जणांना ते विचारताना.
बोलणाऱ्याच्या रकान्यात
मी 'अज्ञात' लिहिलं होतं.