चीक

पर्वतीमागच्या गोठ्यात म्हैस व्यायली
आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रेवणअप्पा हिरणवाळे
स्टीलची बरणी घेऊन दारात.
"आधी रेडकू प्यालंय पोटभर, मग तुमचं.
आणि बरणी धुऊन द्यायची नाही, ताई."

पिवळाजर्द. बोटांना चिकटणारा.
पहिल्या धारेचा, म्हणून निम्मं साधं दूध घातलं,
गूळ किसला, जायफळ नखभर,
कुकरची शिट्टी काढून ठेवली
आणि ओट्याशीच उभी राहिले.
वीस वर्षं फळ्यावर काढत आले ते
आज डब्याच्या झाकणाआड होणार होतं.

वर्गात सांगते मी :
प्रथिन म्हणजे मणी ओवलेला लांबच लांब दोरा,
पण दोऱ्यासारखा तो कधी राहत नाही.
स्वतःवरच दुमडत जातो,
पाण्याला बुजणारं सगळं आत घेतो,
वरून नीट घडी.
घडी आहे तोवर काम आहे.
ह्या चिकातल्या तर ढाली,
रेडकाच्या रक्तात उतरायच्या होत्या,
माझ्या कुकरात त्यांची वडी होणार.

साठ अंश. सत्तर. अंदाजानेच,
वाफेच्या आवाजावरून.
आत थरथर वाढते,
टाके उसवतात, पक्के नव्हेत,
नुसते धावदोऱ्याचे.
घडी मोडते.
आतलं उघड्यावर येतं
आणि ज्याला पाणी सोसत नाही ते
शेजारच्या तशाच उघड्याला बिलगतं,
ते आणखी तिसऱ्याला.
जाळं होतं, जाळ्यात पाणी अडकतं.
विरजण नाही, लिंबू नाही,
डबा तिरका केला तरी ओघळत नाही काही.

मुलं विचारतातच,
मॅडम, गार केल्यावर परत?
नाही रे. दोरा तोच, मण्यांचा क्रमसुद्धा तोच.
पण एकमेकांत इतके गुंतलेत आता
की आपली घडी कुठली, कुणालाच सापडत नाही.

धनकवडीहून माझं सामान आणलं त्या आठवड्यात
आई म्हणाली होती, बसेल गं पुन्हा घडी.
मी कपाटाच्या फळीवर
सकाळचा जुना अंक अंथरत होते.
कोपरे दुमडत राहिले.

संध्याकाळी रेवणअप्पा बरणी न्यायला आले.
ताटलीत चार वड्या दिल्या.
म्हटलं, बघा, आता ह्याचं दूध काही होत नाही परत.
ते खाता खाता थांबले.
"दूध कशाला करायचंय?
दूध उद्या सकाळी आहेच की."

कडेला पिवळा थर तसाच ठेवून
बरणीत मूठभर तांदूळ घातले, दिली.