जुळं

यिझेरा नदीकाठच्या कारखान्यात
क्वेतुशे चष्मा चढवते,
आणि बर्नरचा पिवळा भडका
कुणी पुसून न्यावा तसा जातो.
उरतो काचेचा गोळा,
काकवीसारखा, ओघळायच्या बेतात.

भिंगांत निओडिमियम आहे,
शिवाय त्याचं भावंड.
चाळीसहून जास्त वर्षं लोक
दोघांना एकच समजत होते;
नावही ठेवलं होतं : जुळं.
मग कुणी तरी क्षार विरघळवला, गोठवला,
पुन्हा विरघळवला, पुन्हा,
किती वेळा ते मोजणाराच विसरला असेल,
तेव्हा कुठे एक हिरवा निघाला, एक जांभळट.

ओतिलिये ओस्त्रावाला राहते आता.
मोटारींसाठी चुंबकं बसवते.
परवा फोनवर म्हणाली, दोन चुंबकांत बोट सापडलं,
नख काळंनिळं झालंय,
आणि हसत सुटली, लहानपणी हसायची तशी.
क्वेतुशेनं आपलं बोट चोळलं,
उगाचच.

शेल्फावर छोटी फुलदाणी :
दुपारी जांभळी,
ट्यूबलाइट लागली की फिकट निळी.
गिऱ्हाइकं विचारतात, खरा रंग कोणता?
ती कागदात गुंडाळता गुंडाळता
त्यांनाच विचारते,
तुमच्याकडे खिडकी
कुठल्या बाजूला आहे?