अतारांकित

चोडणच्या शाळेत एकच फळा,
अर्धा चौथीचा, अर्धा आमचा.
मंदाकिनी बाई मधल्या रेघेवर उभ्या राहून
दोन्हीकडे शिकवायच्या.
फेरी चुकली की मुलं उशिरा.
बाई कारण विचारत नसत,
शाळेचं घड्याळच दहा मिनिटं मागे लावत.

मग एकदा भिंतीभिंतीवर त्यांचं नाव आलं.
प्रचाराला निघालेल्या बाई थबकल्या,
ओल्या चुन्यातल्या ‘की’ची
बोटाने ‘कि’ केली,
आणि मग हात जोडले.

दिल्लीत मागचा बाक मिळाला.
बाई, आणि मागच्या बाकावर!
आम्ही आठवडाभर हसत होतो.
तिथून त्यांनी विचारलं, आमच्या पुलाचं काय?
प्रश्न अतारांकित, उत्तर फक्त छापील:
माहिती गोळा केली जात आहे.
त्या कागदाची प्रत अजून माझ्याकडे आहे.
खाली लाल शाईत, ओळखीचं अक्षर:
अपुरं. पुन्हा लिहून आण.

दुसऱ्या खेपेला पडल्या,
बाराशे मतांनी.
निकालाच्या संध्याकाळी रायबंदरच्या धक्क्यावर
एकट्याच, बॅग पायाशी.
मी फेरीचा दोर धरून.
"किती मुलं रे आता शाळेत?"
अकरा, म्हटलं.
"नावं सांग."

सातव्यापाशी अडलो.
भोंगा वाजला. स्कूटरवाले कुरकुरले.
बाई वाट पाहत राहिल्या,
फळ्याशी अडलेल्या पोराची पाहायच्या तशी.
मी दोर सोडला नाही.