रोलर नंबर चार

घरतशेठ विचारतात, डोझरला ट्रॅक गार्ड टाकायचे का?
डोझर एकच आहे आणि त्याचं वय विचारू नये.
पिवळा रंग आता फक्त सीटखाली शिल्लक,
जिथे ऊन पोचलं नाही.

देवनारच्या डोंगरावर आम्ही दोघं सात वर्षं.
डोंगर म्हणजे शहराने टाकलेलं, आम्ही दाबलेलं.

यासीन वेल्डर चॉकने ब्लेडच्या पाठीवर हिशोब मांडतो:
एका बाजूची पट्टी नव्वद किलो,
कुर्ल्याहून जुनी प्लेट आणली तर स्वस्तात पडेल.
म्हणतो, डेब्रिजमध्ये विटा, सळ्या, लाद्यांचे तुकडे,
एक जरी रोलर आणि चेनच्या मध्ये गेला
की चेन उतरते. चेन उतरली की दिवस गेला.
खरं आहे. मे महिन्यात उतरली होती:
चार माणसं, दोन पहारी, एक जॅक
आणि शेठच्या सात पिढ्यांचा उद्धार.

शेठना तर आणखी सुचतं:
उद्या भंगारात घातली, तर गार्डचंही वजन धरतील ना?

पण पट्टी जे आत येऊ देत नाही
त्याचाच हिशोब यासीन करतो.
जे आत गेलं ते बाहेर कसं येणार?
ओला कचरा, पिशव्या, फाटक्या गाद्यांचा काथ्या
पट्टीमागे बसतो, दाबला जातो, उन्हात विटेसारखा होतो.
मग रोलर फिरायचा थांबतो
आणि चेन त्याच्यावरून घासत राहते,
एका बाजूने सपाट होईपर्यंत.
तेल गळायला लागलं तरी
पट्टीमागचा थेंब कुणाला दिसणार.

मला गमबूट मिळाले होते, गुडघ्यापर्यंतचे.
काच नाही, खिळा नाही, काही आत येत नव्हतं.
संध्याकाळी उलटे केले की वाटीभर घाम.
पाय आहेत की भिजवलेले पोहे, बायको म्हणाली.
मी घोट्यापाशी तीन-तीन भोकं पाडली.
महिन्याभरात एक सुई नेमकी त्याच भोकातून आली.
इंजेक्शन घेतलं, दोन दिवस लंगडलो.
भोकं बुजवली नाहीत.

संक्रांत होऊन आठवडा झाला होता.
डावीकडचा चार नंबरचा रोलर गळायला लागला.
उघडला. दगड नाही, सळई नाही.
मांजा.
नायलॉनचा, गुलाबी, किती हात ते कोण मोजणार,
शाफ्टभोवती इतका घट्ट
की यासीनने दाढीच्या पात्याने कापून काढला.
सील चिरून आत शिरला होता.
एका टोकाला पतंगाचा कागद, अजून निळा.
कुणाच्या तरी गच्चीवर आरडाओरडा झाला असेल,
कुणीतरी जिंकलं असेल.

चौदा टनांचं मशीन.
यासीन पट्टीचं माप घ्यायला आला होता,
तो टेप हातात धरून नुसता उभा.

शेवटी मी शेठना सांगितलं:
पट्ट्या टाका, पण दोन टोकांनाच, चेन सरळ राहील एवढ्या.
मधला भाग उघडा ठेवा.
आणि रोज संध्याकाळी अर्धा तास, मशीन बंद,
मी पहारीने आतलं उकरणार.
नव्या मशीनला मी असं म्हणालो नसतो.
हिच्या चेनच्या पिनाच एवढ्या झिजल्यात
की थोडं वाकडं चालणं हा आता तिचा स्वभाव आहे,
तो पुरता कोंडला तर दुसरीकडून तोडेल.
अर्धी पट्टी, अर्धे पैसे, शेठ खूश.
त्या अर्ध्या तासाचा ओव्हरटाइम? मी विचारलं.
शेठ खाडीकडे बघायला लागले.
खाडीत त्या दिवशी रोहित पक्षी होते, हे मान्य.

निवृत्ती, आमचा हेल्पर, पोरगेला आहे.
मांजाचा गुंता मुठीत घेऊन उभा होता.
कुठे टाकू, म्हणाला.
मी तोंड उघडलं आणि तसंच राहिलो.
त्याने थोडा वेळ वाट पाहिली,
इकडेतिकडे बघितलं,
आणि टाकला. तिथेच,
उद्या सकाळी जिथून सुरुवात करायची होती.